उसनी चाल

अमिताने स्टेजच्या पायऱ्या पुन्हा मोजल्या. पाच. सकाळीही पाचच होत्या. तिसऱ्या पायरीची फळी डाव्या कडेला जरा उचलली गेली होती. तिने ती चपलेने दाबून पाहिली, मग खाली बसून तळहाताने दाबून पाहिली, आणि शेवटी पर्समधून चिकटपट्टी काढून ती कडा बसवून टाकली.

"रंधा पण आणायचा न घरून," मागून पुष्पाकाकू म्हणाल्या.

पुष्पाकाकू इथल्या मराठी मंडळाच्या चिटणीस. चार पिढ्यांच्या जबलपूरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. आजच्या सत्काराचा सगळा कार्यक्रम त्यांच्या मुठीतल्या एका चुरगळलेल्या कागदावर होता. अमिताने उठून त्यांच्याकडून सगळं पुन्हा एकदा वदवून घेतलं. पाहुण्यांची खुर्ची याच बाजूला असणार, विंगेला लागून. दुर्वा आधीपासूनच विंगेत उभी असणार. नाव पुकारलं की चार पावलं पुढे, फुलं हातात द्यायची, चार पावलं मागे. लोकांसमोर चढणं नाही, उतरणं नाही. पुष्पाकाकूंनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि शेवटी हात जोडले.

"पाचवी बार विचारून राहिली तू. खुर्ची इथेच राहीन. चलो, आता त्या पोरीला काही खाऊ घाल."

चार पावलं. तीही अमिताने मोजली होती, दुर्वाच्या पावलांनी.

दुर्वा सात वर्षांची होती. जन्मली तेव्हा तिचं डावं पाऊल आत वळलेलं होतं. प्लास्टरं झाली, झोपताना दांडीला जोडलेले बूट झाले, पाचव्या वर्षी नागपूरला ऑपरेशन झालं. आता पाऊल जमिनीवर सरळ टेकायचं, पण उजव्याहून दीड नंबर लहानच राहिलं होतं, आणि चालताना दुर्वा त्या पायावरून बारीकशी उडी घेतल्यासारखी पुढे जायची. एका जोडासाठी दोन जोड घ्यावे लागत. उरलेले बूट, एक मोठा डावा आणि एक लहान उजवा, अमिता डब्यात घालून माळ्यावर ठेवायची. का ठेवतेस, असं अंबरीशने एकदा विचारलं तेव्हा तिने डबा आणखी आत सरकवला होता.

घरात दोन्ही पायांना नावं होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की जिना चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना वाईट पाय आधी. पण मुलीच्या पायाला वाईट म्हणायला अमिताची जीभ रेटली नव्हती. म्हणून एक झाला शहाणा आणि एक लाडका. चढताना शहाणा आधी, उतरताना लाडका आधी. प्रत्येक जिन्यावर, प्रत्येक देवळाच्या पायऱ्यांवर तीन वर्षं अमिता हे म्हणत आली होती. माणसांकडे पाहताना तिची नजर आता आधी पायांवर जायची आणि मग चेहऱ्यावर.

दोन वर्षांपूर्वी अंबरीशची वर्ध्याहून इथल्या बँकेत बदली झाली. नवं शहर, नवी शाळा, शाळेची नवी व्हॅन. आणि व्हॅनमधल्या पोरांनी दुर्वाचं नाव ठेवलं, फुदकन.

फुदकन चाचा कोण, ते अमिताला माहीत नव्हतं असं नाही. ते कोणाला माहीत नव्हतं? तीस वर्षांपूर्वीच्या एका हिंदी सिनेमातला लंगडा चौकीदार. तो एका पायावर फुदकत चोरामागे धावायचा आणि लोक थिएटर डोक्यावर घ्यायचे. ते काम करणारा बालाजी त्यानंतर निरनिराळ्या नावांनी तसाच फुदकत राहिला, साठ-सत्तर सिनेमे. पोस्टरवर बालाजी. मंडळात मात्र आपला बाळाजी, गढा मोहल्ल्यातल्या पिठाच्या गिरणीवाल्या निखाड्यांचा. कमानिया गेटला खोव्याची जलेबी खाता खाता त्याच्या लहानपणीच्या गोष्टी सांगणारी चार माणसं तरी अमिताला या दोन वर्षांत भेटली होती. ती ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची. दुर्वासारख्या पायावर त्या माणसाने आयुष्यभराची भाकरी मिळवली होती, आणि त्याची किंमत तिची मुलगी रोज व्हॅनमध्ये मोजत होती, असं तिच्या मनाने पक्कं धरलं होतं.

दुर्वाचं काही वेगळंच होतं. शेजारच्यांच्या टीव्हीवर तिने एकदा तो सिनेमा पाहिला आणि धावत घरी आली. "आई, ते सेम माझ्यासारखे चालतात." तिचे डोळे चमकत होते. अमिता कणीक मळत होती. ती मळतच राहिली.

त्यामुळे पुष्पाकाकू घरी आल्या, बालाजीच्या सत्काराला फुलं देणाऱ्या मैथिलीला कांजिण्या आल्याचं म्हणाल्या, आणि दुसरी कोणी मुलगी सुचते का असं विचारू लागल्या, तेव्हा अमिता नाव सुचवायला वळली तोवर दुर्वा बोलून मोकळी झाली होती.

"मी देईन."

तेवढंच. पण गेल्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला ऐन वेळी पोट दुखतंय म्हणून आईची ओढणी धरून बसलेल्या मुलीने आपण होऊन म्हटलेलं ते पहिलं 'मी' होतं. अंबरीश म्हणाला, करू दे न, फुलं तर द्यायची आहेत. अमिताने त्याला समजावून पाहिलं की हॉलमध्ये तीनशे माणसं असतील. एकदा ती माणसं हसली की पोरगी पुन्हा कधी वर चढणार नाही. अंबरीश म्हणाला, हसतील काहून? व्हॅन सुटायच्या वेळी बँकेत असणाऱ्या माणसाला काय सांगणार?

मंडळाचा हॉल मदन महल स्टेशनच्या मागे होता. गाडी गेली की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, आणि नाटकात नट तेवढा वेळ सवयीने थांबायचे. स्वयंपाकघरात बायका मटार सोलत होत्या, पाहुण्यांसाठी मटारची करंजी होती. जानेवारीची उन्हं कलली होती. अमिताने दुर्वाला दोन करंज्या खायला घातल्या, तोंड पुसलं, बुटांचे बंद पुन्हा बांधले, आणि तेवढ्यात फाटकावर गलका झाला.

ती दुर्वाला घेऊन खिडकीशी गेली. गाडीतून एक ठेंगणा, टक्कल पडलेला माणूस उतरत होता. फिकट निळा शर्ट, बिनबाह्यांचा स्वेटर. हॉलच्या दाराला तीन पायऱ्या आणि एक लोखंडी कठडा होता. तो पायऱ्यांशी थांबला, वर पाहिलं, आणि एका पायावर भार न देता झटकन वर आला, पुन्हा थांबला, पुन्हा तसाच. फोन वर झाले. कोणीतरी ओरडलं, "फुदकन चाचा!" सगळे हसले, तोही हसला. वर पोचल्यावरही त्याने कठडा लगेच सोडला नाही. फोटोसाठी थांबला असावा.

अजून कोणाला नमस्कारसुद्धा केला नाही, अमिताच्या मनात आलं, आणि दारातच सुरू.

"आई, पाहिलं?" दुर्वा म्हणाली.

"पाहिलं. चल."

विंगेत दोघी पडद्याआड उभ्या राहिल्या. दुर्वाच्या हातात शेवंतीचा गुच्छ. मध्येच तिला तहान लागली म्हणून अमिता मागच्या दाराने पाण्याची बाटली भरायला गेली. नळावर गर्दी होती. परत येईपर्यंत तिसरी घंटा झाली होती, पडदा उघडला होता, आणि खुर्ची जागेवर नव्हती.

ती पार पलीकडे होती. स्टेजच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पडद्याची दोरी लोंबते त्या विंगेला लागून. पाहुण्याने आल्या आल्या आपल्या हाताने खुर्ची उचलून तिकडे नेली, असं दोरीवरच्या योगेशभैयांनी नंतर सांगितलं. आता तिथे बालाजी बसला होता आणि माइकवर पुष्पाकाकू कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचत होत्या. अमिताने हात केला, काकूंनी पाहिलं नाही. तिने मनातल्या मनात अंतर मोजलं. वीस पावलं, पंचवीसही असतील. उघडी फळी, वरून दिवे, समोर तीनशे माणसं.

"दुर्वा, थांब," ती म्हणाली.

पण तोवर नाव पुकारलं गेलं होतं, आणि दुर्वा निघाली होती.

पहिली चार पावलं शांततेत गेली. पाचव्याला मागच्या ओळीत कोणीतरी खुदकलं. मग एक हसू इकडून, एक तिकडून, आणि मग सगळा हॉल. वाईट हसू नव्हतं ते, हेच अमिताला सहन होईना. कौतुकाचं होतं. टाळ्या वाजत होत्या. "अरे वा, क्या उतारी है!" कोणीतरी म्हणालं. तिसऱ्या ओळीतल्या एका बाई शेजारणीला कोपराने ढोसून दाखवत होत्या. पाहुण्यांसाठी पोरीने फुदकन चाचाची चाल उचलली, मंडळाने काय छान बसवून घेतलं, असं सगळ्यांना वाटलं होतं.

दुर्वा स्टेजच्या मधोमध थांबली.

तिने हॉलकडे पाहिलं. मग वळून विंगेकडे पाहिलं, आणि अमिताचा एक पाय उजेडात पडला. एवढ्यात पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बालाजी उठून उभा राहिला होता. तो हसत नव्हता. त्याची नजर दुर्वाच्या पायांवर होती, एका लहान आणि एका मोठ्या बुटावर, आणि अमिताला ती नजर ओळखीची वाटली. आधी पायांकडे आणि मग चेहऱ्याकडे पाहणारी. त्याने पुढे येऊन मुलीला गाठलं नाही. नुसते दोन्ही हात पुढे केले आणि वाट पाहिली. दुर्वा राहिलेली पावलं चालून गेली. आपल्या चालीने, घाई न करता.

फुलं घेताना तो वाकून तिच्या कानात काही बोलला. तिने उत्तर दिलं. मग त्याने तिला उचलून आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः माइकशी गेला. हॉल अजून टाळ्या वाजवत होता. तो थांबून राहिला. एक मालगाडी गेली, काचा वाजल्या, त्या थांबल्या, आणि टाळ्याही.

सुरुवातीला त्याने हसवलं. या मंडळाने आपल्याला पहिलं काम दिलं ते नोकराचं. वाक्य एकच होतं, बाईसाहेब, पाहुणे आले. आपलं मराठी असं की तालमीला तेवढ्या वाक्यातही तीन हिंदी शब्द निघायचे. शेवटी वाक्यही काढून घेतलं आणि हातात ताट दिलं. लोक मोकळेपणाने हसले. पुष्पाकाकू पदराने डोळे टिपत होत्या.

मग त्याने नथ्थूचं नाव घेतलं. पुढच्या ओळीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना वर केल्या.

नथ्थू दिवसा गढ्याला सायकलींची पंक्चरं काढायचा आणि नाटक असलं की मंडळाचा पडदा ओढायचा. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय. एका प्रयोगात पडदा मध्येच अडकला. तो सोडवायला नथ्थूला दिव्यांच्या उजेडात स्टेज ओलांडून जावं लागलं, आणि हॉल हसला. हाच हॉल. नथ्थू गेला, पडदा सोडवला, तसाच परत आला. त्या वेळी स्टेजवर ताट घेऊन कोण उभं होतं, ते सांगायला नको.

"मला एवढंच दिसलं का हॉल हसून राहिला," बालाजी म्हणाला. "कोणावर हसून राहिला, ते नाही दिसलं. दुसऱ्या दिवशी मी ताट घेऊन नथ्थूसारखा चालत आलो. वाक्य नाही, काही नाही. लोक खुर्च्यांवरून पडले. अन् नथ्थू दोरी धरून तिथं विंगेत उभा होता, मला पाहत."

ती चाल त्याला मुंबईला घेऊन गेली. सिनेमा जबलपूरच्या टॉकीजला लागला, तीन महिने चालला. त्यानंतर पाच वर्षं तो गढ्याला आला की मागच्या गल्लीने घरी जायचा, कारण पुढच्या गल्लीत नथ्थूचं दुकान होतं. एका दिवाळीला हिंमत करून गेला. नथ्थू टबात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहत होता.

"मी म्हटलं, नथ्थूभैया, माफ कर. त्यानं वर पाहिलं नाही. म्हणे, पिक्चर पाहिला मी. काहून रे बाळाजी, पाय चुकवला न तू. माझा डावा आहे. तू उजवा लंगडवून राहिला."

हॉलमध्ये हसू फुटलं, पण हे हसू वेगळं होतं, आवाज खाली ठेवलेलं.

नथ्थूने हात पुसले, उठला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालून दाखवलं. भर दुपारी, भर गल्लीत. पाह्य, म्हणे. मग याला चालायला लावलं, तीनदा. भार कुठे येतो ते दाखवलं, असा माणूस पाऊल टाकायच्या आधी जमीन कशी पाहतो ते दाखवलं.

"अन् शेवटी एक गोष्ट म्हणाला. पडत जाऊ नको. पिक्चरमध्ये तू सारखा पडतोस. आम्ही पडत नसतो." बाळाजी थांबले. "माझे नंतरचे पिक्चर पाहा कधी. धडपडतो, पण पडत नाही. लोक म्हणाले, बालाजीची अॅक्टिंग सुधारली. मला बक्षिसं मिळाली. मी घेतली."

मग माफीचं काय, असं त्यांनी नथ्थूला विचारलं होतं. माफीचं मी काय करू, नथ्थू म्हणाला होता, माझे हात दुखून राहिले, पुढच्या गणपतीत पडदा तू ओढ. तेव्हापासून जमेल त्या वर्षी ते आले आणि पडदा ओढून गेले. दोरीवर कोण आहे, हे पाहायला कोणी जात नाही, त्यामुळे कोणाला कळलं नाही. पुष्पाकाकूंना ठाऊक होतं. नथ्थूला जाऊन चार वर्षं झाली होती.

"इथं छापलं आहे का मी माझ्या गावाला काही परत द्यायला येतो," मागच्या फलकाकडे न पाहता बाळाजी म्हणाले. "परत काय देणार हो मी? त्याची चाल अजून माझ्याजवळच आहे."

दुर्वाबद्दल ते एक अक्षरही बोलले नाहीत. पण बोलत असताना हॉलमधल्या नजरा हळूहळू खुर्चीकडे वळत गेल्या होत्या. तिथे एक मुलगी पाय लोंबते सोडून बसली होती, एक बूट लहान, एक मोठा. तिसऱ्या ओळीतल्या त्या बाईंनी पदर ओठांवर दाबून धरला होता. दुर्वाला त्याचा पत्ता नव्हता. ती खुर्चीच्या हातांवरची नक्षी बोटाने गिरवत होती आणि मध्येच मान वर करून बाळाजींकडे पाहत होती, आपल्या घरातलं कोणी बोलत असावं तशी.

शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. मुलांच्या नाटकाआधी पडदा पडला आणि अमिता मागच्या भिंतीशेजारच्या बोळातून पलीकडे धावली. त्या बाजूच्या पायऱ्या तिने मोजल्या नव्हत्या. त्या उघड्या होत्या, एका बाजूला भिंत, एका बाजूला काही नाही, आणि खाली दोरी धरून योगेशभैया. वर दुर्वा उभी होती, तिच्या शेजारी बाळाजी. त्यांचा एक हात भिंत चाचपत होता.

"तू जाय बेटा पुढं," ते दुर्वाला म्हणत होते. "मी येतो निवांत."

दुर्वा गेली नाही. ती त्यांच्या पायांकडे पाहत होती.

"तुमचा लाडका कोणता?"

"काय?"

"लाडका पाय. माझा डावा. मघाशी कानात तुम्ही विचारलं न, कोणता पाय."

बाळाजींनी खाली आपल्या गुडघ्याकडे पाहिलं.

"उजवा," ते हळूच म्हणाले. "गुडघा गेला, दोन वर्षं झाली. काठी गाडीत ठेवली आहे. खोटा उजवा लंगडवला होता न मी, आता खरा होऊन बसला. नथ्थू असता तर त्याला लई मजा आली असती."

"मग तो आधी टाका. उतरताना लाडका आधी. मग शहाणा त्याच पायरीवर. दोघं एकत्र आले की मग पुढची."

"कोणी शिकवलं तुला?"

"आईनं."

अमिता खाली उभी होती. तिचे दोन्ही हात पुढे झाले होते, नेहमीसारखे, कुठूनही पडलं तरी झेलता येईल असे. तिला बाहेरचा लोखंडी कठडा आठवला. वर आल्यावरही न सुटलेला तो हात आठवला. हळूहळू तिने आपले हात मागे घेतले आणि पदराखाली धरून ठेवले. वर लाडका, शहाणा, लाडका, शहाणा, असं दुर्वा म्हणत होती आणि सत्तरीचा तो माणूस तिच्या खांद्यावर बोटं टेकवून एकेक पायरी खाली येत होता. तिचा डावा, त्यांचा उजवा. पायऱ्या सहा होत्या.

खाली आल्यावर त्यांनी दम घेतला आणि अमिताला पाहिलं. आई का, म्हणून विचारलं. तिने मान हलवली.

"ती नक्कल नव्हती, हे मी सांगायला पाहिजे होतं का तिथं?"

"नाही," अमिता म्हणाली. "बरं केलं, नाही सांगितलं."

याच्या पुढे काही म्हणायला हवं होतं. दुपारपासून, खरं तर व्हॅनमधलं ते नाव कळल्यापासून ती या माणसाशी मनातल्या मनात भांडत आली होती, आणि आता म्हणायचं होतं ते फार मोठं होतं.

"त्या बाजूनं चढू नका," ती म्हणाली. "तिसरी फळी उचलली आहे. मी पट्टी लावली आहे, पण तरी."

बाळाजींनी तिच्याकडे पाहिलं, आणि अगदी गंभीरपणे मान डोलावली, फार महत्त्वाचं काही सांगितलं गेल्यासारखी. मग ते वळले. योगेशभैया न सांगताच दोरी सोडून बाजूला झाले होते. बाळाजींनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या, तळहातांवर फुंकर मारली आणि दोरी धरली. दुर्वाने खालचं टोक धरलं. ती दोरी जाड होती, तिच्या मुठीत मावत नव्हती.

"आई, तू जा न," दुर्वा म्हणाली. "इथं जागा नाही."

एरवी अमिता भिंतीशी सरकून उभी राहिली असती. हाताच्या अंतरावर. या वेळी ती बोळातून मागे आली, बाहेरून वळसा घालून हॉलच्या दाराने आत शिरली आणि अंबरीशच्या शेजारी जाऊन बसली. स्टेज किती लांब दिसतं इथून, तिला वाटलं.

अंबरीशने तिच्या मागे पाहिलं. "दुर्वा?"

"कामात आहे," अमिता म्हणाली.

तिसरी घंटा झाली. दिवे मंदावले. पडदा हलला आणि उघडू लागला, एक हिसका लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. कोणी हसलं नाही. अमिता हात मांडीवर ठेवून पाहत राहिली.